पिवळा पंचा

राऊतकाकांच्या गळ्यात बारा महिने तेरा काळ एक ओला पंचा असायचा. नुसता ओला नाही, हळदीत बुडवून काढलेला, पिवळाधमक. उन्हाळ्यात हे समजू शकतो. पण पौषातल्या सकाळी आम्ही स्वेटर चढवून चहाच्या टपरीपाशी कुडकुडत असताना हा पन्नाशी ओलांडलेला माणूस दर तासाला नळाखाली पंचा भिजवणार, पिळणार आणि पुन्हा गळ्यात टाकणार. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी नवा सदरा घातला, टोपी घातली आणि वर हाच पंचा. लग्नाच्या फोटोत त्यांच्या छातीवर ओलाव्याचे दोन पट्टे स्पष्ट दिसतात.

कारखान्यात प्रत्येकाने आपापल्या परीने याचा अर्थ लावला होता. बहुतेकांचं मत, काका खंडोबाचे भक्त. टेम्पोचा ड्रायव्हर तर दर सोमवारी त्यांच्या पाया पडायचा. काका त्याला थांबवायचे नाहीत. "सुखी ऱ्हा," म्हणायचे, "आनि ब्रेक तपासून घे."

मी तेव्हा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या बाजूला, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. ऐंशी सालानंतरची ती चार-पाच वर्षं. आमच्या रंगांचा एक नखरा होता. बनताना ते बर्फासारखे गार राहायला हवेत. जरा तापले की फेसाळून उतू जायचे आणि सगळी बॅच वाया. त्यांना गार ठेवायला मिठाचं पाणी, आणि त्या पाण्याला गार करायला अमोनिया वायूवर चालणारं मोठं यंत्र. त्या यंत्राच्या खोलीला आम्ही चिलिंग प्लँट म्हणायचो आणि राऊतकाका त्या प्लँटचे सर्वेसर्वा. अमोनिया ज्याने एकदा हुंगलाय त्याला काही सांगायला नको. डोळ्यांतून घळाघळा पाणी, छातीत आग, आणि जास्त झाला तर माणूस जागच्या जागी खलास. पण या वायूत एक भलेपणाही आहे. जीव घ्यायच्या कितीतरी आधी तो नाकाला सांगून ठेवतो.

काका कुठेही गेले की पहिला प्रश्न ठरलेला. "दुसरा दरवाजा कुटं हाय?" लग्नाचा मांडव असो, बोईसरचं सिनेमा थिएटर असो, नाहीतर आमच्या मॅनेजरांची केबिन. त्याच पुतण्यासाठी आधी एक मुलगी बघायला गेले होते. मुलगी शिकलेली, घर चांगलं, सगळ्यांच्या मनात भरलेली. काकांनी पोहे खाता खाता घराला एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाले, "एकच दरवाजा. ह्या घरात आपली सोयरीक नाय." मुलगी तुमच्याकडे येणार, तुम्ही तिच्या घरात नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगितलं तर म्हणायचे, "मग मी येनार जानार का नाय?"

आमच्या प्लँटलाही आधी एकच दार होतं. काकांनी आल्या आल्या जुन्या मॅनेजरांचा इतका पिच्छा पुरवला की शेवटी त्यांनी गवंडी बोलावून मागची भिंत फोडली. वायूपासून वाचवणारा मुखवटा पूर्वी खोलीच्या आत टांगलेला असायचा. तो काकांनी बाहेर, दारापाशी, पत्र्याच्या पेटीत आणून ठेवला. "आत गॅस सुटला तर मुकवटा आनायला आत कोन जानार, तुमचा मॅनेजर?" यंत्राच्या पट्ट्याला हात लावायचा असला तर आधी बटण बंद, मग बोर्डावरचे तिन्ही फ्यूज उपसून ते स्वतःच्या जेवणाच्या डब्यात. डबा बगलेत. एकदा काम संपल्यावर तसेच घरी गेले आणि किनाऱ्याकडच्या नवापूरच्या रस्त्यावरून सायकल मारत परत आले, डब्यात भाजीच्या कप्प्यात फ्यूज घेऊन. आम्ही पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. म्हणाले, "चालू झाला नाय ना कोनाच्या हातावर? मंग झालं."

दर मंगळवारी दुपारी यंत्राच्या तळाशी साठलेलं तेल काढायचं काम असायचं. साधं दिसतं, पण यातच माणसं मरतात. तेलाच्या मागोमाग अमोनिया येतो. त्यामुळे व्हॉल्व्ह अगदी कणाकणाने उघडायचा, हात त्यावरून हलवायचा नाही, आणि आत एकट्याने जायचं नाही. हा काकांचा नियम. "दोघं आत, एक बाहेर." बाहेरचा कोणीही चाले. आतला दुसरा मात्र मीच. मी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, फक्त शेजारी उभं राहायचं. आणि काका मिनिटामिनिटाला विचारणार, "येतो का?"

"थोडा."

"किती? मगाच्यापेक्षा जास्त?"

मला वाटे, म्हातारा माझी परीक्षा घेतोय. बी.एस्सी. झालेला पोरगा घाबरतो का बघतोय. कधी कधी त्यांच्या पंच्यावर लालसर डाग उमटलेले दिसत. काकांच्या वाडीत नागवेल होती आणि तोंडात पान असायचंच, तेव्हा मी एकदा त्यांना सुनावलं, "काका, पिचकारी निदान पंच्यावर तरी मारू नका." त्यांनी नुसता पंचा उलटा करून घेतला.

एका मंगळवारी मला सर्दी झाली होती. काकांनी आत जायला साफ नकार दिला. "सर्दीवाल्या मानसाबरोबर मी जात नाय. तेल शुक्रवारी काडू." मी म्हणालो, सर्दी मला झालीय, यंत्राला नाही. ते ढिम्म हलले नाहीत. मी चिडून लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो की राऊतकाकांचं डोकं फिरलंय.

आणखी एक. रोज सकाळी ते वाडीतलं एक फूल आणून माझ्या टेबलावर ठेवायचे. कधी सोनचाफा, कधी मोगरा, कधी बकुळीची मूठभर फुलं. ठेवायचे आणि समोर उभे राहायचे. "वास कसा हाय?" लॅबमधल्या बाकीच्यांना आयताच विषय मिळाला होता. मी फूल नाकापाशी नेल्यासारखं करायचो आणि कागदांवरची मान वर न करता म्हणायचो, "छान." कधी "बरा." तेवढ्याने त्यांचं समाधान व्हायचं नाही. "नीट सांगा की. छान म्हंजे कसा?" एकदा बॅच बिघडल्यामुळे मी वैतागलो होतो. त्या दिवशी अनंताचं फूल होतं. मी म्हणालो, "फिनेलसारखा!" काका फूल तसंच ठेवून गेले. अनंत पुन्हा कधी आला नाही.

गणपतीत एकदा त्यांच्या वाडीवर गेलो होतो. नवापूरच्या अलीकडे, खाऱ्या वाऱ्यातली वाडी. काकांनी पाणी द्यायच्या आधी मला घराची दोन्ही दारं दाखवली. काकूंनी मग झाडं दाखवली, एकेक करून, नावानिशी. घरात मूलबाळ नव्हतं. काकू ठेंगण्या, हसऱ्या, हाताला सतत माती. मी कुठल्याशा फुलाविषयी काहीतरी विचारलं तर म्हणाल्या, "मला इचारू नका भाऊ, यांना इचारा. फुलांतलं यांना लय समजतं." काका तेव्हा गोठ्याकडे बघत होते.

आता त्या मंगळवाराचं सांगतो.

आमच्याकडे पिंपं धुवायला सोमा म्हणून एक जण होता. जव्हारच्या बाजूचा, डोंगरातला. पावसाळ्यात नाचणी लावायची आणि पीक निघालं की बायकोमुलांना घेऊन बोईसरला ठेकेदाराकडे कामाला यायचं. बोलायला लाजरा. काकांचा त्याच्यावर जीव. व्हॉल्व्ह कसा बंद करायचा, वारा कुठून येतो ते कसं ओळखायचं, पळायचं कुठे, हे त्यांनी त्याला हाताला धरून शिकवलं होतं. तेव्हा त्या दिवशी काका जेवत असताना खुंटीवरचा पंचा तेलकट झालेला सोमाला दिसला आणि त्याने तो धुऊन ठेवायचं मनावर घेतलं, यात नवल काही नाही. नळावर नेला आणि कपडे धुवायचा साबण लावून चांगला चोळला.

हळदीला साबण लागला की काय होतं ते घरातल्या कोणत्याही बाईला माहीत असतं. पंचा लालभडक झाला. सोमाला वाटलं, रंगाचा कारखाना, पिंपातला कसला तरी रंग लागला. घाबरून त्याने पंचा तसाच पिळला, खुंटीवर टांगला आणि काकांना मागून सांगू म्हणून कामाला गेला.

खुंटी दाराआड अंधारात. काकांनी माझ्याशी बोलता बोलता पंचा ओढून गळ्यात टाकला, आम्ही आत गेलो. सोमा बाहेर उभा. काका तेलाच्या व्हॉल्व्हपाशी बसले, अजून हातसुद्धा लावला नव्हता, आणि दिव्याच्या उजेडात त्यांची नजर स्वतःच्या छातीवर गेली.

मी त्यांचा तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. "भाईर!" ते ओरडले. पंचा तोंडावर ओढला, एका हाताने यंत्र बंद केलं, दुसऱ्या हाताने माझी कॉलर धरून मला मागच्या दारातून अक्षरशः फेकलं आणि बाहेर धोक्याची घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर घणाघण हातोडा मारू लागले. दहा मिनिटांत अख्खा कारखाना वाऱ्याच्या उलट दिशेला शेतात उभा होता. तिकडे गार पाणी थांबलं आणि चाललेली बॅच फेसाळून गेली.

मी धापा टाकत विचारलं, "काका, वास कुठं आला?"

"येतोय ना! केवडा येतोय! नाक जळतंय माजं."

हवा स्वच्छ होती. वाळलेल्या गवताचा वास येत होता. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. माझा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं असावं. आवाज एकदम खाली आला. "तुमाला नाय येत?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी गळ्यातला पंचा काढला, हातात धरून पाहिला. लाल तर होता. मग बोटांनी चोळला, बोटं बुळबुळीत झाली. ते तिथेच बांधावर बसले.

त्यांच्या बोटांकडे बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. कॉलेजात आम्ही हळदीचा कागद ओला करून अमोनियावर धरायचो, तो लाल व्हायचा, वायू गेला की पुन्हा पिवळा. पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल. खंडोबा नाही, पानाची पिचकारी नाही. हा माणूस गळ्यात नाक बांधून हिंडत होता, आणि केमिस्ट म्हणवणाऱ्या मला चार वर्षांत ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं उभे. मॅनेजर बडोद्याकडचे, मराठी समजायची पण हिंदीत बोलायचे. माणूस वाईट नव्हता, पण बॅच गेली होती आणि वर कोणाला तरी उत्तर द्यायचं होतं. त्यांनी मला विचारलं, "गॅस था या नहीं?"

मी म्हणालो, "थोडासा असेल, सर. नक्की सांगता येत नाही." खोटं बोललो. काकांची नोकरी जाऊ नये, दुसरं काय.

पण सोमाला नळावर पंचा धुताना चार जणांनी पाहिलं होतं, आणि शेतात लाल पंचा तर सगळ्यांनीच. हळद अमोनियाने लाल होते हे मॅनेजरांनाही ठाऊक होतं. मॅनेजरांनी दोन अधिक दोन केले आणि ठरवून टाकलं की याने म्हाताऱ्याची मस्करी केली. ठेकेदाराला निरोप द्यायला त्यांनी फोन उचलला. "कल से इसको मत भेजना." सोमा खाली मान घालून उभा. एवढंच म्हणाला, "मना वाटलं, काकांचा पंचा मळलाय." त्याची बायको आणि दोन मुलं मागच्या शेडमध्ये राहत होती. हंगाम अर्धा झालेला, सगळीकडची माणसं भरलेली; त्याला दुसरं काम मिळणार नव्हतं.

काकांना हे सहज निभावून नेता आलं असतं. वास आला होता म्हणाले असते, तर मी त्यांच्या बाजूला होतोच. त्यांनी फोनवर हात ठेवला.

"साहेब, ह्याला काडू नका. साबनानं लाल झाला, खरं हाय. पन मला नाक असतं तर मी हसलो असतो आनि ह्याला दुसरा पंचा आनायला धाडला असता." मग म्हणाले, "मला वास येत नाय. अजिबात. सात वरसं झाली."

पूर्वी ते किनाऱ्यावरच्या एका बर्फाच्या कारखान्यात होते. एक दिवस वायू सुटला, खोलीला दार एकच, आणि त्या दारात वायू. ते बाहेर कसे आले ते त्यांनाही आठवत नव्हतं. महिनाभर खाटेवर होते. छाती सुधारली, नाक गेलं ते गेलंच. "हितं लागताना कागद बगितले, नाकाची परीक्षा कोनी घेतली नाय," काका म्हणाले. "मी बी सांगितलं नाय. दुसरं काम मला येत नाय, साहेब."

मॅनेजरांनी फोन खाली ठेवला. सोमा राहिला. काकांना मात्र त्याच दिवसापासून चिलिंग प्लँटमध्ये पाऊल टाकायची बंदी झाली आणि गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची वही हातात आली. मॅनेजरांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. काकाही म्हणाले नाहीत.

बाहेर आल्यावर मात्र मी त्यांच्यावर भडकलो. मनापासून भडकलो. "चार वर्षं तुम्ही मला आत नेलंत! मी तुमचं नाक होतो आणि मला पत्ता नाही. मला काही झालं असतं तर?"

"म्हनून तर सर्दीत नेत नव्हतो," काका म्हणाले.

मग मला त्या रोजच्या फुलांचाही अर्थ लागला. सकाळी सकाळी माझं नाक चालू आहे की बंद, ते तपासून घ्यायचे. मला हसूही आलं आणि जरा अपमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये बसलो होतो. खिडकीतून प्लँटचं मागचं दार दिसायचं. काका गेटवरून वेळ काढून तिथे आले होते, उंबऱ्याच्या बाहेर, बरोबर एक पाऊल बाहेर उभे होते आणि आत नव्या ऑपरेटरबरोबर उभ्या असलेल्या सोमाला ओरडून सांगत होते, "हात काडू नको! व्हॉल्व्हवरनं हात काडू नको!" गळा मोकळा होता. पंच्याशिवाय त्यांची मान फार बारीक दिसत होती.

तिथून ते सरळ माझ्या टेबलापाशी आले. खिशातून सोनचाफ्याचं फूल काढून ठेवलं.

"वास कसा हाय?"

"काका, आता कशाला?" मी म्हणालो. "आता माझ्या नाकाशी तुमचं काय काम?"

ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या नाकासाटी नाय हो. घरी सांगाया."

"घरी?"

"ती सकाळी फूल खिशात घालून देते. सांजचे इचारते, आजचा कसा होता? मला काय तरी सांगाया नको?" त्यांनी फूल जरा माझ्याकडे सरकवलं. "तिला ठावं नाय. खाटेवर होतो तवा ती रोज उशाला फूल ठेवायची, मला बरं वाटावं म्हनून. बरा झाल्यावर पयल्यांदा इचारलं, कसा हाय वास? मी म्हनालो, लय गोड. मंग तिनं झाडंच लावायचा सपाटा लावला. माज्यासाटी. आता कुटल्या तोंडानं सांगू?"

मला एकदम ते अनंताचं फूल आठवलं. मी विचारलं, त्याचं काय झालं.

"तुमी फिनेल म्हनालात ना. मी तेच सांगितलं, मला काय म्हाईत." काका खिडकीबाहेर बघू लागले. "तीन वरसांचं झाड होतं. दुसऱ्या दिवशी उपटलं तिनं. यांना आवडत नाय म्हनाली."

मला त्यांच्याकडे बघवेना. चार वर्षं मी मान वर न करता "छान" आणि "बरा" म्हणत होतो, आणि तेच शब्द हा माणूस सायकलवरून नवापूरच्या रस्त्याने घरी नेत होता. तेवढ्यावर ते दोघं संध्याकाळ काढत होते. मी हातातलं पेन बंद केलं. फूल उचललं, डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादं फूल नीट हुंगलं.

"आधी गोड," मी म्हणालो. "पिकलेल्या फणसाजवळून गेल्यासारखं. पण फणसाइतकं जड नाही. मागून एक ताजा वास येतो, लिंबाच्या पानासारखा. आणि फूल दूर नेलं तरी तो थोडा वेळ नाकात राहतो."

काकांचे ओठ हलत होते. पाठ करत होते. "फनस. पन जड नाय. मागनं लिंबाचं पान. दूर नेलं तरी ऱ्हातो." मान हलवून ते निघाले. गेटच्या दिशेने अर्ध्या वाटेपर्यंत गेले, थबकले आणि परत येऊन खिडकीशी उभे राहिले.

"पान म्हनालात का लिंबू?"

"पान," मी म्हणालो. "चुरगळलेलं पान."

"चुरगळलेलं," ते म्हणाले, आणि गेले.